नवनाथनं मारलेली गाठ

"दादा, गाठ एवढी करकचून मारली नसती, तर माणूस वाचला असता का?"

पूनमनं उभं राहून विचारलं आणि अख्खी दहावी वळून तिच्याकडं बघायला लागली. करुणानं मागच्या बाकावरून पैज लावली होती, "तुझ्यानं व्हायचंच न्हाई!" सकाळी आईनं कपाळाला भंडारा लावून धाडलं होतं, त्यावरूनही मैत्रिणींनी "आली पिवळी वाघीण" म्हणून पिडलं होतं. शेवटी वाघिणीनं विचारून टाकलं.

सुट्टीवर आलेले फौजी नवनाथदादा शाळेत प्रथमोपचार दाखवायला आले होते. बाकाच्या पायाला फडकं बांधून, त्यात काठी अडकवून पिरगाळत होते. त्यांचा हात थांबला. ही कोण, ते त्यांना ठाऊक होतं. कासुर्डीजवळ हायवेवर ट्रकखाली पूनमच्या भावाची, शंभूची मांडी चिरडली, तेव्हा असंच फडकं त्यांनीच आवळलं होतं. पुण्याच्या दवाखान्यात पोचल्यावर शंभू दगावला. "नवनाथनं आवळून मारला," हे वाक्य तेव्हापासून पूनमच्या घरातनं हललं नव्हतं.

"आवळलं नसतं तर पुणं काय, पुढचं गावसुद्धा गाठलं नसतं त्यानं," नवनाथदादा म्हणाले. "कारगिलला आम्ही हेच करायचो. आधी रक्त थांबवायचं, मग दुखू दे किती दुखायचं ते. फक्त गाठ कवा मारली ते डॉक्टरला कळाय पायजे. लई वेळानं एकदम सोडली, की तटलेलं रक्त विष घेऊन काळजाकडं धावतं."

"मग सांगितलं न्हाई तुम्ही?"

"ट्रकचा क्लीनर अडकला होता, मी त्याच्यापाशी थांबलो. म्हणून शंभूच्या कपाळावर पेनानं वेळ लिहिली. फौजेतली रीतच हाय ती. पण डॉक्टर म्हणाले, कपाळावर काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी गाठ एकदम सोडली." त्यांनी काठी खाली ठेवली. "घामानं गेलं असंल. दाबून लिहायला पायजे होतं मी."

शाळा सुटल्यावर पूनम धावतच घरी आली. चपला एक इकडं, एक तिकडं.

"आई, आबा! मी नवनाथदादांना विचारलं! सगळ्यांसमोर!"

"काय सांगणार त्यो?" तिची आई अनसाबाई देव्हाऱ्यापुढं बसली होती. तिनं पूनमला जवळ ओढलं, घामानं पुसट झालेल्या कपाळावर चिमूटभर भंडारा नव्यानं दाबला. "लेकासाठी माझ्या हातनं एवढंच झालं बघ. पुण्याला नेताना गाडीत बघितलं, तर त्याच्या कपाळावर कुणा मेल्यानं पेनानं गिरगटलेलं. पदर ओला करून पुसलं, आन् असा मळवट भरला. सोन्यासारखा दिसत होता. तेवढ्यावरच जगतीय मी."

'दाबून लिहायला पायजे होतं मी,' हे नवनाथदादांचं बोलणं पूनमला आठवलं.

"मग?" आबांनी विचारलं. "काय म्हणाला नवनाथ?"

आईची बोटं अजून कपाळावरच होती. पूनमनं कपाळ हलवलं नाही.

"मी उद्या त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावणार हाय, आबा. ठरलं माझं. त्यांची चूक न्हवती. कुणाचीच न्हवती."