दानातल्या वहाणा

तेराव्याच्या दानात छत्री आणि काठीशेजारी मृण्मयीनं कोऱ्या वहाणा ठेवल्या. “जन्मभर अनवाणी फिरली आजी. वरच्या वाटेवर तरी पाय भाजू नयेत,” ती म्हणाली. लहानपणी ती आजीच्या भेगाळलेल्या टाचांना हसायची.

“वहाणा उचल गं,” आजीची धाकटी बहीण हळूच म्हणाली. “अक्कानं त्या अंबाबाईपुढे सोडल्यात.”

“कधी?”

“तीन वर्षांची झालीस तरी तू उभी राहत नव्हतीस. डॉक्टरांनी हात टेकले. मग अक्कानं देवीला सांगितलं, माझ्या नातीला चालव, मी पायात काही घालणार नाही.”

“पण मी चालले की.”

“म्हणून तर. अंबाबाईनं तिचा शब्द राखला, मग अक्कानं आपला नको राखायला?”

पण दानावर पाणी मघाच सोडून झालं होतं; वहाणा आजीला पोचल्या होत्या. त्या उचलून मृण्मयी उठायला गेली. पाय हललेच नाहीत.