कोरी ओळ

उद्यानातल्या युद्धस्मारकावरची शेवटची ओळ अजून कोरीच होती. एकाहत्तरच्या लढाईत शालनताईंचे यजमान बेपत्ता झाले, पण तिथं नाव कोरायला बाईंनी साफ नकार दिला. “बेपत्ता म्हणजे गेले असं कुणी सांगितलं?” असा त्यांचा रोकडा सवाल. विजयदिनाला घरचं माणूस माइकवर आपल्या जवानाचं नाव पुकारायचं; त्यांची पाळी आली की बाई गप्प बसायच्या. यंदा मात्र त्या काठी टेकत उठल्या. “माझ्यामागं ही ओळ कुणाची, हे कोण सांगणार?” लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते नाव कधी ओठांवर आणलं नव्हतं. माइकपाशी आधी निघालं ते सवयीचं, “अहो...” मंगळसूत्र मुठीत धरून त्यांनी लांबच्या माणसाला हाक मारावी तसं म्हटलं, “रतन!” “अमर रहे!” अख्खी बाग गरजली. मूठ सोडून बाई संयोजकांकडे वळल्या. “आता घ्या कोरून.”