शिट्टीपर्यंत किती हेडसर पोचतात

"हेडसर, तुम्ही मधे उभे राहा," रसायनाच्या बाई म्हणाल्या, "आणि हे गळ्यात घाला."

पुठ्ठ्याची पाटी होती, खडूने मोठ्ठा सतरा काढलेली. हेडसरांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग बाईंकडे. ते आले होते बाईंचा हा खेळ बंद करायला. चाचणीत वर्ग याच धड्यावर सपाटून आपटला होता. आज एकाला तरी हे गणित स्वतःच्या डोक्याने सुटलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून गाइड उघडायचं आणि उत्तरं लिहून द्यायची. वर आणखी एक अट: बाईंनी मधे काही सुचवायचं नाही.

"मी कोण म्हणे यात?"

"क्लोरीनच्या अणूचं केंद्र. सतरा हेडसरांच्या जोराने सगळ्यांना आत ओढून धरता."

"ते मी रोजच करतो," म्हणत हेडसरांनी पाटी गळ्यात घातली. गाइड मात्र बगलेतच ठेवलं.

बाईंनी हॉलमध्ये पोरं इलेक्ट्रॉन म्हणून उभी केली. हेडसरांना चिकटून दोघं. त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. त्यांच्याभोवती आठ जणांचा गोल. त्याच्या बाहेर सात जणांचा. त्या सातांत भिंतीला टेकून शिट्टी होती. मुलगी हुशार, पण बाकापेक्षा व्हरांड्यातच जास्त सापडायची, आणि व्हरांड्यात असली की शिट्टी वाजवायची; म्हणून तेच नाव पडलेलं.

"पुढचे लोक हेडसरांना अडवतात," बाई म्हणाल्या. "अगदी आतला प्रत्येक जण पूर्ण एक हेडसर अडवतो. मधल्या गोलातला पॉइंट पंच्याऐंशी. आपल्याच गोलातला शेजारी बाजूला असतो, तो पॉइंट पस्तीसच. आता सांग शिट्टी, सतरातले किती हेडसर तुझ्यापर्यंत पोचतात?"

वर्ग फिसकन हसला. शिट्टीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून सुरुवात केली, गोलभर मोजत गेली आणि भिंतीवरच खडूने गणित मांडलं. "पाच पॉइंट पंच्याहत्तर."

हेडसरांनी गाइड उघडलं. त्यांचा चेहरा फुलला. "चूक. बघितलंत बाई? खेळ झाला, उत्तर गेलं."

बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

शिट्टीने मान डावीकडे काढून हेडसरांकडे पाहिलं. उजवीकडे काढून पाहिलं. मग टाचा उंचावल्या. कोणाकोणाचं डोकं आड येतंय ते ती बघत होती. अचानक ती थांबली आणि स्वतःच्याच कपाळावर एक टपली मारली.

"सर, मी माझ्या आड कुठे येते?"

"म्हणजे?"

"मी मलाच धरून सात मोजले. अडवणारे सहाच आहेत." खडू भराभर चालला. "सहा पॉइंट एक."

हेडसरांनी गाइडमध्ये पाहिलं. पान उलटलं, पुन्हा मागे आले.

"एखादं लागतं नशिबाने," ते म्हणाले, आणि स्वतःच बाहीने पाटी पुसून बाईंच्या हातातला खडू घेतला. अकरा लिहिलं. "आता सोडियम. बाहेरचे सहा जण खाली बसा. शिट्टी, तू एकटीच थांब. शेजारी गेले, अडवणारे कमी झाले. म्हणजे मी आता जास्त पोचणार. काय?"

बाईंनी खिडकीबाहेरच बघत मनातल्या मनात म्हटलं, बुवा रंगात आला.

शिट्टीने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "शेजारी तसेही किरकोळ अडवत होते, सर. आतले दहा आहेत तिथेच आहेत. ते आठ पॉइंट आठ खातात." तिने एकदा बोटांवर ताळा केला. "तुम्ही दोन पॉइंट दोन पोचता."

हेडसरांनी गाइड उघडायला घेतलं आणि न उघडताच मिटलं.

शिट्टीने हातावरचा खडू झटकला आणि शांतपणे दाराकडे निघाली.

"ए, कुठे चाललीस?"

"सर, दोन पॉइंट दोनमध्ये कोण थांबतं?"

ती गेली. व्हरांड्यातून लांबलचक, मजेदार शिट्टी ऐकू आली. हॉल हसून हसून वाकला. हेडसर तिला पकडायला धावले खरे, पण भोवती दहा पोरं गच्च उभी होती आणि एकही हलत नव्हतं. गळ्यातल्या अकरासकट ते तिथल्या तिथे अडकले. मिशी दोनदा थरथरली, मग त्यांनाही आवरेना.

गाइड त्यांनी जवळच्या बाकावर टाकलं.

"बाई," डोळे पुसत ते म्हणाले, "उद्या मला सतराच द्या."