तिसऱ्या दारावरची रेघ

तिसऱ्या दाराच्या मधोमध रेघ किंचित खाली उतरते. पहिल्या दोन दारांवर ती सरळ जाते, लव्हाळ्यातून, उडणाऱ्या रानबदकांच्या पोटाखालून, माणसाच्या छातीच्या उंचीवर. चौथ्या दारावर पुन्हा वर येते. करडी, बोटभर रुंद, कडांना विरत गेलेली. ती चित्रकाराने काढलेली नाही.

ती फुमियोच्या नवऱ्याच्या बोटांची रेघ. देवळाचे मुख्य पुजारी शिंकाई यांची दृष्टी शेवटच्या वर्षांत गेली होती. पहाटे उठून ते या चार सरकत्या कागदी दारांना बोटं लावत प्रार्थनेच्या दालनाकडे जात. बोटांना कायम उदबत्तीची राख. तिसऱ्या दाराशी थांबायचे, जरा वाकायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायचे, "फुमियो, चहा!" वाकताना हात तेवढाच खाली यायचा.

पण घरात आता ती रेघही नव्हती. रेघेचं चित्र होतं.

शिंकाई गेल्यावर मूळ दारं क्योतो शहरातल्या संग्रहालयाने सांभाळायला नेली. डोंगरातली दमट हवा, आगीची भीती, शेकडो वर्षांचं चित्र. बदल्यात डिजिटल प्रत आली. हातकागदावर छापलेली, वर खरा सोन्याचा वर्ख चिकटवलेली. बसवायला आलेला माणूस खुशीत म्हणाला होता, "आजी, ओळखून दाखवा! तो डागसुद्धा जसाच्या तसा उतरलाय."

फुमियोने बोट ओलं करून रेघेवर घासलं. काहीच निघालं नाही.

"पुसलीही जात नाही," ती फणकारली. "माझ्या नवऱ्याचा हात तुमच्या यंत्राने शाई फवारून काढला, आणि वर कौतुक सांगताय?"

तेव्हापासून तिने त्या दारांवर फडकं मारलं नाही. पाहुणे दारांपुढे बसून वाहवा करू लागले की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, "फोटो आहे तो!"

संग्रहालयाला मूळ चित्र कायमचं हवं होतं. दानपत्राचा कागद तयार होता. नवा पुजारी झालेला तिचा मुलगा कोगाकू आईच्या होकाराशिवाय त्यावर सहीचा शिक्का मारायला तयार नव्हता. दर नववर्षाला संग्रहालयातून विचारणा व्हायची आणि दरवेळी फुमियो म्हणायची, "बघू." मनात मात्र तिने दारं परत आणून कितीदा तरी जागेवर बसवली होती.

आज संग्रहालयात ती दारं पहिल्यांदाच लोकांसमोर मांडली होती. गाडी चालवता चालवता कोगाकू म्हणाला, "आई, आज काय ते एकदा सांगून टाक. ओनोदेरांना तोंड दाखवायची लाज वाटते मला."

"तुला लाज वाटते ना? मग तू गप्प बस. मी बोलते."

संग्रहालयाचे ओनोदेरा दारातच वाट पाहत होते. कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला. "या, बाई. तुमच्या दारांचं काम फार सुरेख झालंय."

फुमियो थेट काचेपाशी गेली. लव्हाळं होतं. रानबदकं होती. सोनं असं झळकत होतं की तिला क्षणभर अंगणातला उजेड आठवला. मग तिची नजर छातीच्या उंचीवरून चालत गेली. पहिलं दार, दुसरं दार. तिसऱ्यापाशी ती थांबली. चौथं पाहिलं आणि पुन्हा तिसऱ्याशी आली.

"इथली रेघ?"

"तो डाग होय?" ओनोदेरांचा चेहरा उजळला. "हाताचं तेल आणि धूर. आम्ही आधी तपासून घेतलं. नुसत्या ओल्या कापसाने निघाला बघा, रंगाला धक्काही नाही. आता चित्रकाराने ठेवलं होतं तसं दिसतंय."

"कोणाला विचारलंत?"

ओनोदेरांनी कोगाकूकडे पाहिलं. कोगाकूने मान खाली घातली. "साफसफाई करतो असं कळवलं होतं त्यांनी. मला वाटलं, धूळ झटकतील."

"वडील होते ते तुझे," फुमियो म्हणाली. मग ओनोदेरांकडे वळली. "तो कापूस कुठंय?"

"कापूस?"

"ज्याने पुसलंत तो."

"तो... टाकून दिला असेल, बाई."

फुमियोने हात उचलला. बोटं काचेला टेकवून ती पहिल्या दारापासून चालू लागली. पहारेकरी पुढे सरसावला, "आजी, काचेला हात नाही लावायचा." ती थांबली नाही. तिसऱ्या दाराशी तिचा हात आपोआप खाली आला. काचेपलीकडे रेघेच्या जागी स्वच्छ कागद होता. तिला घरची दारं दिसली, वर्षानुवर्षं फडकं न मारलेली. तिने इतकं घासूनही न निघालेली रेघ दिसली.

काचेवर तिच्या बोटांचा पुसट माग उमटला होता. पहारेकरी खिशातून रुमाल काढत होता.

"कोगाकू," ती मागे न वळता म्हणाली, "शिक्का आणलायस ना? मार त्या कागदावर. हे यांनाच ठेवू दे. आपलं घरी आहे."