आधी लांबची खाडी

सहलीसाठी दोन खाड्या होत्या आणि घोडं तिथंच अडलं होतं. जवळच्या खाडीवर बसायला बाकं होती, स्वच्छतागृह होतं. लांबच्या खाडीवर नुसता चिखल आणि पक्षी. आईचं म्हणणं, आपली सोयीची बरी. पण कंत्राटदार बाबा हेका सोडेनात. "जवळची काय पळून जातेय? याच रविवारी लांबची बघू." एरवी घरी धड जेवायलाही फुरसत नसलेल्या या माणसानं लेकीसाठी दुर्बीणसुद्धा विकत आणली. आईला भरूनच आलं.

खाडीवर पोरगी हरखून गेली. उथळ पाण्यात शेकडो गुलाबी पक्षी उभे होते. उन्हं कलली तरी तिचा पाय निघेना.

"बाबा, पुढच्या रविवारी परत यायचं?"

"बघू हं, बाळा." बाबांनी तिला उचलून गाडीत बसवलं, दार लावलं आणि बाहेरच उभं राहून मुकादमाला फोन लावला. डिकीत सामान ठेवणाऱ्या आईच्या कानावर तेवढंच पडलं,



"उद्यापासून भरावाचे डंपर सोड इकडे. पोरीचं बघून झालंय."