दसऱ्याची चाकं

दोन हजार तेवीस सालचा दसरा. विक्रमसिंह शिर्के बडोद्यात, मांजलपूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या मधोमध मांडी घालून बसला होता आणि सायकलची दोन चाकं पुन्हा खोक्यात भरत होता. चाकं कार्बनची होती. काळीभोर, आणि इतकी हलकी की उचलताना हात उगाचच वर जायचा. लेकीला सासरी पाठवताना आई तिच्या पदराच्या निऱ्या पुन्हा पुन्हा सारख्या करते, तसा तो त्यांच्यावरची प्लॅस्टिकची पिशवी सारखी करत होता.

आठ दिवसांपूर्वी ती घरात आली तेव्हा रणकंदन झालं होतं. किंमत ऐकून त्याची बायको मृदुला आधी खाली बसली आणि मग ताडकन उभी राहिली.

"एवढ्यात सगळ्या घराला रंग लागला असता," ती म्हणाली.

"अगं, जुन्या चाकांपेक्षा पाऊण किलोनं हलकी आहेत."

"पाऊण किलो ना? मग महिनाभर श्रीखंड सोडा. फुकटात काम होईल."

बावन्न वर्षांच्या विक्रमसिंहाचं पोट पुढे बसून ऐकत होतं.

आठवडाभर हेच चाललं. शेवटी आदल्या संध्याकाळी तो आपणहून म्हणाला, "जाऊ दे, परत देतो. दुकानदार दसऱ्यापर्यंत घ्यायला तयार आहे. डाग पडलेला नको, एवढीच त्याची अट." मग ताटात बघत, कुणाला उद्देशून नाही असं, पुढे बोलला, "दर रविवारी आमचं सायकलचं टोळकं सावली गावाला जातं. मी पोचतो तेव्हा सगळ्यांचा चहा झालेला असतो. तो केयूर दर वेळी म्हणतो, काका, तमारी चा तो ठंडी थई गई. एकदा त्यांच्याबरोबर गरम चहा प्यावा, एवढंच मनात होतं."

मृदुलाने त्याला आणखी एक पोळी वाढली.

शिर्क्यांच्या घरात दसऱ्याचा रिवाज जुना. पणजोबा बडोद्याच्या पलटणीत होते. त्यांची तलवार पुरुषांनी पुजायची आणि वाहनं बायकांनी. पूर्वी दारात घोडा असे. घोडा गेला, बग्गी गेली, मग स्कूटर आली, मग मोटार. पण ज्याला चाक किंवा खूर, त्याला कुंकू लागल्याशिवाय दसरा व्हायचा नाही. विक्रमसिंहाने तलवारीला फूल वाहिलं, नमस्कार केला आणि तो नेहमीप्रमाणे फाफडा-जलेबीच्या रांगेत उभा राहायला निघून गेला. दसऱ्याला अर्धं बडोदं त्या रांगेत असतं. वाहनांची पूजा कोण करतं आणि कशी करतं, हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो थेट प्रसादाला हजर व्हायचा.

परत आला तेव्हा खोकं रिकामं होतं. दोन्ही चाकं भिंतीला टेकून उभी होती, गळ्यात झेंडूची माळ घालून. प्रत्येकावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं. ओल्या हळदीला अक्षता चिकटल्या होत्या.

"हे कुणी केलं?"

हिंचक्यावर बसलेल्या त्याच्या आईने, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या विजयमालाबाईंनी, वातीसाठी घेतलेल्या कापसातून मान वर केली नाही. "मी केलं. घरात चाक आहे आणि त्याला कुंकू नाही, असं आपल्यात कधी झालंय?"

"आई, ही परत द्यायची होती."

"मला कोण सांगतंय इथं काही."

स्वयंपाकघरातून मृदुलाचा आवाज आला, "आता आईंना काय बोलणार? वयस्कर माणूस आहे. फाफडा आणा इकडे, मऊ पडेल."

विक्रमसिंहाने ओलं फडकं घेऊन पुसून पाहिलं. स्वस्तिक गेलं आणि त्या जागी तळहाताएवढा गुलाबी पट्टा आला. दुकानदाराला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "साहेब, पूजा थई गई. हवे पाछां केम लेवाय?" देवाला दाखवलेला माल परत घ्यायची त्याची छाती नव्हती.

विक्रमसिंहाने फोन ठेवला आणि दोघी बायकांना ऐकू जाईल असा मोठा सुस्कारा सोडला. मग बसून चार जलेब्या खाल्ल्या.

चाकं सायकलला चढली. पैसे वसूल झाले का, याचा निकाल कधी लागला नाही. त्यांच्यावर बसूनही तो सावलीला शेवटीच पोचायचा. फक्त चहा आता गार नसे, कोमट असे. पुढल्या वर्षी केयूर कॅनडाला गेला आणि जाताना सायकल विकून गेला. त्याच सुमाराला निवृत्त मास्तर भास्करराव टोळक्यात आले, सत्तरीचे, आणि विक्रमसिंह शेवटून दुसरा झाला. भास्करराव दिसल्यावरच तो त्यांचा चहा सांगतो, गार होऊ नये म्हणून. दुकानदाराने काचेवर पाटी लावली: नवरात्रात नेलेला माल परत घेतला जाणार नाही. मृदुला पाहुण्यांना चाकं दाखवते, किंमत सांगते आणि कपाळाला हात लावते.

पुढच्या दसऱ्याला त्यांच्या लेकीची नवी स्कूटर दारात आली. या खेपेला विक्रमसिंह स्वतः कुंकवाचा करंडा घेऊन हिंचक्याशी गेला.

"आई, गेल्या वर्षी चाकांवर काढलंस तसं स्वस्तिक काढ हिच्या स्कूटरवर. छान आलं होतं."

विजयमालाबाईंनी पाय टेकून हिंचका थांबवला. "मी? अरे, तुझे बाबा गेले तेव्हाच करंडा सुनेच्या हाती दिला. त्यानंतर कुंकवाला माझं बोट लागलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे हनुवटी उडवली. "तिला सांग. तिला चाकांचा सराव आहे."