चौथा खंड

"बाकी काय हवं ते ने," तो म्हणाला. "फक्त चौथा खंड परत ठेव."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. सोफा, फ्रिज, कपाटं, गाद्या, नवराबायकोच्या संसाराची सगळी वाटणी शब्दाने शब्द न वाढता उरकली होती. आता या एका पुस्तकापाशी गाडं अडलं होतं.

बायको समोरच्या काचेच्या कपाटाकडे पाहत होती. त्यात त्याचे बारा खंड, जुन्या सुपरहिरो कॉमिक्सचे, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतले. एकेकाळी पोरं ज्या चोपड्या लोळत वाचायची आणि फाटल्या की रद्दीत टाकायची, त्यांनाच आता गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं आणि विद्वानांच्या प्रस्तावना चिकटवल्या होत्या. खंड ओळीने उभे केले की त्यांच्या कडांवर मिळून एकच चित्र व्हायचं, उडणाऱ्या नायकाचं. पहिल्यावर मूठ, चौथ्यावर चेहरा, बाराव्यावर बूट. चौथा तिने सकाळीच काढून आपल्या खोक्यात टाकला होता. आता कपाटात एक बिनतोंडाचा माणूस मूठ वळून उडत होता. आज पहिल्यांदाच तो तिला नवऱ्यासारखा दिसला.

यातलं एकही पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं. वाचायचं म्हणजे वरचं पारदर्शक प्लास्टिक फाडायचं, आणि प्लास्टिक फाटलं की त्याच्या लेखी पुस्तक संपलं. मागे एकदा चिमीने, त्यांच्या लेकीने, चित्रं बघायला दुसरा खंड उघडला होता. तो ओरडला नाही. खंड चिमटीत धरून त्याने दाराबाहेर रद्दीवर नेऊन ठेवला आणि नवा मागवला. पोर नंतर कितीतरी दिवस त्या कपाटाकडे फिरकली नव्हती.

"तू काय करणार त्याचं?" तो म्हणाला. "तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुला कळतं? उघडून तरी बघितलायस?"

"चौथा आता छापत नाहीत. कुठेच मिळत नाही तो. हे बघ, माझ्या वाटणीची वॉशिंग मशीनपण घेऊन जा. पण तो ठेव."

त्याच्या आवाजात काकुळती होती. चिमी तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा हा आवाज या घरात निघाला नव्हता. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"मशीन नको," ती म्हणाली. "खंड हवा असेल तर रविवार सोड."

रविवार म्हणजे चिमीचे. दर रविवारी लेक बापाकडे, असं कागदात लिहिलं होतं. तेही वकीलबाईंनी सुचवलेलं, त्याने नुसती मान हलवली होती. चिमीला मात्र तिने सांगितलं होतं, बाबांनी रविवार मागून घेतलेत, अगदी हट्टाने. त्या दिवशी पोरीने कॅलेंडरवरच्या सगळ्या रविवारांभोवती लाल गोल काढले होते.

बोलून गेल्यावर तिचं तिलाच धस्स झालं. पण तो चिडेल, निदान समोर परकी बाई बसली आहे म्हणून तरी आढेवेढे घेईल, असं तिने धरलं होतं.

त्याने कपाटातल्या रिकाम्या फटीकडे पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला. "तसंही दर रविवारी मला जमेलच असं नाही."

वकीलबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की. खंड द्यायला सांगा."

वकीलबाईंनी एक ओळ खोडली. या माणसाची इतकी किळस तिला आजवर कधी आली नव्हती, आणि आपण हा सौदा मांडला म्हणून थोडी स्वतःचीही. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. तिथे चिमी आपली खेळणी भरत होती.

"चिमे, खोक्यात वरच एक जाड पुस्तक आहे बघ. ते आण गं."

बराच वेळ आतून काही हालचाल झाली नाही. मग चिमी आली, एका हाताने खंड छातीशी धरून.

त्याने आधी तळवे पँटला पुसले, मग दोन्ही हातांनी खंड घेतला. आणि त्याचा चेहरा पडला.

"याचं प्लास्टिक कुठाय?"

"मी काढलं," चिमी म्हणाली.

त्याने खंड उलटसुलट करून पाहिला, कोपरे निरखले, आणि नासलेलं दूध बाजूला सारावं तसा टेबलावर सारला. लेकीकडे त्याने पाहिलंही नाही. फुकटात काही सोडणाऱ्यातला तो नव्हता.

"याचा आता मला उपयोग नाही," तो वकीलबाईंना म्हणाला. "रविवारचं होतं तसंच राहू द्या. उघडलेल्या खंडासाठी मी रविवार कशाला सोडू?"

इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं. लेकीसमोरच ऐकवायचं, बाप कसला आहे ते तिलाही एकदा कळू दे. तिने तोंड उघडलं आणि तिची नजर चिमीच्या दुसऱ्या हाताकडे गेली. मुठीत प्लास्टिकचा चोळामोळा होता. मूठ घट्ट आवळली होती, तरी तो बोटांच्या फटींतून करकरत बाहेर येत होता. चिमीचं लक्ष आईकडे नव्हतं, बापाकडे नव्हतं. वकीलबाई खोडलेली ओळ पुन्हा लिहीत होत्या, त्यांच्या पेनाकडे ती टक लावून बघत होती.

तो एव्हाना मोबाइलवर चौथ्या खंडाची दुसरी प्रत कुठे मिळते का शोधायला लागला होता.

ओळ पुरी झाली तेव्हा चिमीने श्वास सोडला.

"आई, मग रविवार आहेत ना?"

"आहेत की. बाबांनी मागून घेतलेत. सांगितलं नव्हतं का मी?"

"हो," चिमी म्हणाली, आणि तिने मूठ पाठीमागे नेली.